साठ लाख, एक वाडा आणि तीन भावंडं : घरचा ट्रस्ट काढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वडील माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते, गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्र नाही. आई आहेत, वय ७६. दोन भाऊ पुण्यात आणि नाशिकला नोकरीत, बहीण अमेरिकेत आणि तिथलीच नागरिक. वडिलांच्या नावे ६० लाखांच्या ठेवी आणि गावात जुना वाडा आहे. वडिलांच्या नावाने फाउंडेशन काढून आपल्या समाजातल्या गरीब मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आणि वाड्यात अभ्यासिका सुरू करायची, अशी तिघांची इच्छा आहे. सुरुवात कुठून करायची, किती दिवस लागतील आणि कर किती वाचेल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर लवकर संपतं. कर जवळजवळ वाचणार नाही. ८०जीची, म्हणजे धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवरची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आज बहुतेक नोकरदार नव्या प्रणालीत आहेत आणि तिथे ती नाही. जुन्या प्रणालीत राहिलात तरी देणगीचा हिशेबात धरला जाणारा भाग तुमच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपुरताच असतो, आणि वजावट त्याच्याही निम्मी. वर्षाला १५ लाख कमावणाऱ्याने १५ लाख देऊन टाकले तरी हिशेबात येणार दीड लाख, वजावट ७५ हजारांची, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून वाचलेला कर साधारण २३ हजार. उरलेली देणगी पुढच्या वर्षाच्या हिशेबात ओढता येत नाही. तेव्हा कराचा विचार डोक्यातून काढा. तो काढल्यावरही करावंसं वाटत असेल, तर पुढचं वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते: निदान दोन वर्षं ट्रस्ट काढू नका. दान मात्र येत्या जूनपासून, कॉलेजचे प्रवेश सुरू होतील तेव्हाच सुरू करा. कारण सांगण्याआधी पैशांचा हिशेब करू, कारण तुमच्या पत्रातला ६० लाखांचा आकडा खरा नाही.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तिन्ही मुलं समान वाटेकरी. म्हणजे प्रत्येकाचे १५ लाख. ठेवीवर ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो मालक नव्हे. बँकेकडून पैसे घेऊन वारसांपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नॉमिनी असलेल्या भावाने सगळी रक्कम थेट ट्रस्टला दिली आणि पुढे घरात वाद झाला, अशी प्रकरणं येतात. आता आईंचे १५ लाख. ते ट्रस्टला देऊ नका, असं मी तुम्हाला सांगेन आणि त्यांना वेगळं बसवूनही सांगेन. बाईमाणूस अशा वेळी ‘मला काय लागतंय आता’ असंच म्हणते. पण ७६ नंतरची दहा-पंधरा वर्षं, एखादी शस्त्रक्रिया, घरी ठेवावी लागणारी बाई, हा सगळा खर्च त्यांच्या स्वतःच्या पैशांतून, कोणाकडे हात न पसरता व्हायला हवा. ट्रस्टमध्ये गेलेला पैसा त्यांच्या औषधालाही परत काढता येत नाही. त्यांना द्यायचंच असेल तर त्यांनी मृत्युपत्रात लिहावं: माझ्यामागे उरेल ते अमुक संस्थेला.

बहिणीचे १५ लाख हा याहून नाजूक विषय आहे, आणि नेमका तोच कोणाच्या लक्षात येत नाही. त्या अमेरिकी नागरिक आहेत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी परकीय देणगी नियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या दृष्टीने त्या परकीय स्रोत ठरतात. पैसा भारतातला, रुपयांतला, बापाचा असला तरी त्यांच्या हातून ट्रस्टला गेला की ती परकीय देणगी. एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने ती घेणं गुन्हा आहे. नवीन संस्थेला ही नोंदणी लगेच मिळतही नाही. साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. त्याआधी एखाद्या ठरावीक देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते, पण १५ लाखांसाठी तो खटाटोप करू नये. (हीच बहीण भारतीय पासपोर्टवर तिथे नोकरी करत असती, तर तिच्या बचतीतून बँकेमार्गे आलेला पैसा परकीय देणगी ठरला नसता. फरक राहण्याच्या जागेचा नसून नागरिकत्वाचा आहे.) कोणीतरी सुचवेल की बहिणीने भावाच्या नावे हक्कसोड करावी आणि भावाने ती रक्कम ट्रस्टला द्यावी. घरातल्या वाटणीसाठी हक्कसोड करायला काहीच हरकत नाही, पण देणगी फिरवून देण्यासाठी ती केली असं कागदांवरून दिसलं तर उत्तर देणं अवघड जातं. एफसीआरएचं काम करणाऱ्याकडून लेखी मत घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

बहिणीला सरळ वाटा आहेत. भारतात आधीच एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेला त्या थेट देऊ शकतात, तेही एखाद्या ठरावीक कामासाठी. आणि अमेरिकेत करसवलत हवी असेल तर तिथल्या संस्थेमार्फत द्यावं. मराठी माणसांनी १९७८ साली तिथे सुरू केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन इकडच्या संस्थांना मदत पोचवण्याचंच काम करतं. विश्वस्त म्हणूनही बहिणीचं नाव घालू नये, असं मी सांगेन. पुढे कधी एफसीआरए नोंदणी मागितलीत तर परदेशी नागरिक पदाधिकारी असल्यावर प्रश्न येतात. त्यांना सल्लागार ठेवा, निवडीच्या बैठकीला व्हिडिओवर बसवा. त्यांना वाईट वाटेल, पण कारण कळलं की पटतं.

म्हणजे उरले दोन भावांचे ३० लाख. साडेसहा-सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाखांच्या आसपास व्याज. आता ट्रस्टचा खर्च बघा. हिशेब लिहिणारा माणूस, दर वर्षीचं ऑडिट, आयकराचं विवरणपत्र, धर्मादाय कार्यालयाची विवरणं, देणगीदारांची यादी, डिजिटल सही, एखादा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची नोंद), कार्यालयाच्या फेऱ्या. लहानातल्या लहान ट्रस्टला हे सगळं वर्षाला ५० हजारांच्या खाली बसवणं मला जमत नाही. ओळखीचा सीए दोन वर्षं फुकट करतो, तिसऱ्या वर्षी त्याच्याही जिवावर येतं. दोन लाखांतले ५० हजार कागदांवर गेले तर मुलांच्या हातात पडणार दीड लाख. तेच ३० लाख एखाद्या चांगल्या चालू संस्थेत वडिलांच्या नावाने कायम निधी म्हणून ठेवलेत तर हा वेगळा खर्च जवळजवळ उरत नाही.

इथे बहुतेक घरांत थोडी नाराजी होते. ‘पण मग बाबांचं नाव?’ नावासाठी स्वतःचा ट्रस्ट लागतो हा समज मुंबई विद्यापीठाच्या इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची जगन्नाथ (नाना) शंकरशेट शिष्यवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत ठाऊक होती. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली, हे त्यांच्या चरित्रातलं ठळक वाक्य आहे. त्यासाठी नानांच्या घरच्यांना दर वर्षी ऑडिट करून घ्यावं लागलं नाही. परीक्षा विद्यापीठाची, निवड गुणांची, नाव नानांचं. तुमच्या वडिलांच्या शाळेची संस्था, जिल्ह्यातलं एखादं महाविद्यालय, पुण्यात खेड्यातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था अशा देणग्या घेतात. फक्त देताना साधा का होईना लेखी करार करा. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याज अमुक कामाला, निवड अशी, दर वर्षी जुलैपर्यंत एका पानाचा अहवाल, आणि अभ्यासक्रम किंवा योजनाच बंद पडली तर पैसा कुठल्या जवळच्या कामाला वळवायचा. या शेवटच्या कलमावर अडून बसा. ते नसलेले कितीतरी निधी एकेका विद्यापीठाच्या खात्यात बक्षिसाविना पडून आहेत, कारण ज्या विषयाचं बक्षीस तो विषयच आता शिकवत नाहीत.

तरीही ट्रस्ट हवाच असेल, तर दोन वर्षं खिशातून देऊन पाहा. हा सल्ला मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला देते. जे ऐकतात त्यातले निम्मे पुढे ट्रस्ट काढत नाहीत आणि तरी देत राहतात. या दोन वर्षांत काय कळतं? पहिलं म्हणजे घरातलं कोण खरंच वेळ देतं. तेराव्याला सगळे तयार असतात. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये, मुलाची दहावी, बदली, घराचा हप्ता हे सगळं असताना चाळीस अर्ज कोण वाचतं, ते बघायचं असतं. आणि दुसरं, पैसा नेमका कशाला लागतो हे कळतं.

त्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘गरीब मुलांना शिष्यवृत्ती’ एवढंच ठरवून ट्रस्ट काढणारे सगळे फी भरायला निघतात. महाराष्ट्रात फीसाठी सरकारी योजना बऱ्याच आहेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास यांच्या योजना आहेत, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. मुलं अडतात ती दुसरीकडे. सांगलीच्या कॉलेजात नंबर लागला, वसतिगृहात जागा मिळाली नाही, खोलीला डिपॉझिट मागितलं. मेसचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला लागतात आणि महाडीबीटीवरची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरची रक्कम वर्ष संपता संपता येते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी यांतला एक कागद मुदतीत झाला नाही म्हणून फॉर्मच राहिला. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेची फी, एसटीचा पास, पॅथॉलॉजीचं पुस्तक, सेकंडहँड लॅपटॉप. तुमचे दीड-दोन लाख फीमध्ये घातले तर दोन इंजिनिअरिंगच्या मुलांत संपतील. तेच मेसच्या बिलांत घातले तर आठ-दहा मुलं वर्ष पार पाडतील. आणि एखादा निवृत्त शिक्षक मे-जूनमध्ये रोज दोन तास गावात बसून मुलांचे दाखले आणि फॉर्म पुरे करून घेत असेल, तर त्याच्या प्रवासखर्चापुरत्या पैशांत सरकारचे कितीतरी लाख तुमच्या गावात येतील. वडील मुख्याध्यापक होते म्हणजे असे शिक्षक तुम्हाला शोधावे लागणार नाहीत. हे काम करायला ट्रस्ट लागत नाही.

आता ‘आपल्या समाजातल्या’ मुलांविषयी. भावना समजते. खासगी दानात तुम्ही कोणालाही द्या. पण धर्मादाय ट्रस्टच्या उद्दिष्टांत विशिष्ट जात किंवा धर्म लिहिलात तर आयकराची सूट जाते आणि ८०जीही मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचं काम यात मोडत नाही, ते चालतं. ज्ञातीच्या नावाने चाललेले जे जुने ट्रस्ट तुम्ही पाहता, त्यांतले बरेच एप्रिल १९६२ च्या आधीचे आहेत, त्यांचा न्याय वेगळा. तुमच्यासाठी सोपी वाट आहे: जातीऐवजी भूगोल लिहा. ‘अमुक तालुक्यातील शाळांतून दहावी झालेली मुलं’ हे चालतं, आणि वडिलांनी शिकवलेल्या मुलांत सगळ्याच घरांतली मुलं होती. नात्यातल्या मुलांसाठी मात्र हे दार पूर्ण बंद ठेवा. कायद्यातली नात्याची यादी मर्यादित आहे, पण तुम्ही डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात, चुलत, मावस, आते सगळं धरून लिहा. भावकीतल्या एका मुलाला पहिल्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळाली की गावात पुढची दहा वर्षं त्याचीच चर्चा चालते.

वाड्याकडे येऊ. तो ट्रस्टच्या नावे करण्याची घाई नको. एकदा ट्रस्टची मिळकत झाली की विकायला, बक्षीस द्यायला, बदलायला, इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. उद्या अभ्यासिका चालली नाही, वाडा पडायला आला, तर तुम्ही मोकळे नाही. आधी वारसनोंद करून प्रॉपर्टी कार्डावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर चौघांची नावं लावा, मग दोन खोल्या विनाभाडे वापरायला द्या. पण एक काळजी घ्या. वाडा तुमच्या नावावर असताना ट्रस्टच्या पैशांतून त्याचं छप्पर बदललंत, फरशी घातलीत, तर तो ट्रस्टच्या पैशांतून विश्वस्तांना झालेला फायदा. आयकर अधिकारी त्यावरून सूट नाकारू शकतो. दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करा, पुस्तकं, टेबलं आणि विजेचं बिल ट्रस्टने द्यावं. वाड्यामागे शेत असेल आणि तेही द्यायचं मनात असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन बक्षीस देण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ चं बंधन आहे आणि ट्रस्ट सहसा शेतकरी नसतो.

दोन वर्षांनी तुमचं ठरलंच, तर ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी असा प्रश्न सल्लागार विचारेल. फाउंडेशन हे नाव तिन्हींना लावता येतं. तुमच्या आकाराच्या कामाला ट्रस्ट पुरे. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, दर काही वर्षांनी निवडणूक येते, आणि महाराष्ट्रात तिलाही १९५० च्या कायद्याखाली पुन्हा नोंदवावं लागतंच. कंपनीचे वार्षिक सोपस्कार तुमच्या दोन लाखांच्या व्याजाला झेपणार नाहीत.

पैसे टाकण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. डीड करताना पाच-अकरा हजार रुपये घालून ट्रस्ट स्थापन करा, ३० लाख नव्हे. डीड झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज. सोबत विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागामालकाचं नाहरकत पत्र. चौकशी होते, मग नोंदणी क्रमांक मिळतो. त्या क्रमांकात ट्रस्टला सहसा ई हे अक्षर असतं, सोसायटीला एफ. त्यानंतर पॅन, बँक खातं आणि आयकराची तात्पुरती नोंदणी, जी तीन वर्षांची असते. लोक अजून १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नावरची सूट) आणि ८०जीच म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, पण चौकट तीच आहे. ही नोंदणी हातात आल्यावर मोठी रक्कम द्या, आणि देताना प्रत्येक देणगीदाराचं सहीचं पत्र घ्या: ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी आहे. या एका कागदाची किंमत सांगते. ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातलं ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावं असा नियम आहे. पत्र असेल तर ३० लाख कायम निधी, आणि ८५ टक्के मोजायचे ते व्याजाचे. पत्र नसेल तर ते ३० लाख त्या वर्षाचं उत्पन्न, आणि मार्चच्या आत साडेपंचवीस लाखांचा खर्च दाखवायची पाळी येते. मुदत वाढवून घेण्याच्या सोयी आहेत, पण त्यांच्या तारखा चुकतात. प्रत्यक्ष काम सुरू झालं की सहा महिन्यांत नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा, हीही चुकणारी तारीख. लहान संस्थांना आता ही नोंदणी दहा वर्षांची मिळते, एवढी एक गोष्ट मात्र खरोखर सोपी झाली आहे.

ठेव शेड्यूल्ड बँकेत ठेवा. गावातली पतसंस्था टक्काभर जास्त देते, चेअरमन वडिलांचे विद्यार्थी असतात, तरीही नाही. पतसंस्था ट्रस्टच्या मान्य गुंतवणुकीत बसत नाही.

विश्वस्त पाच ठेवा, दोन तुम्ही भाऊ आणि तीन बाहेरचे. यावर प्रत्येक घरात वाद होतो. ‘आमचा पैसा आणि बहुमत बाहेरच्यांचं?’ पैसा दिल्या दिवसापासून तो तुमचा नाही, हे पटत नसेल तर ट्रस्ट काढूच नये. बाहेरचे म्हणजे मेहुणा आणि साडू नव्हेत. एक शिक्षक, एक बँकेतून किंवा हिशेबातून निवृत्त झालेला माणूस आणि गावातच राहणारी एक बाई, शक्यतो मुलींच्या शाळेशी संबंध असलेली. मुदत पाच वर्षांची लिहा. पूर्वी सगळेच स्वतःला आजीव विश्वस्त करून घेत. २०२५ च्या दुरुस्तीने आजीव विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक-चतुर्थांशावर आणली आहे, म्हणजे पाचांत एकच. ती एक जागा आईंना द्या, आणि त्यांच्यासाठी दोघांपैकी एका भावाने विश्वस्तपद सोडावं.

आणि मुदत संपल्यावर, कोणी वारल्यावर, राजीनामा दिल्यावर, नवा माणूस घेतल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ट्रस्टच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त भरणा याच एका चुकीचा असतो. होतं ते असं. संस्थापक वारतात. मुलं आपसात ठरवून पुढे काम करतात, कामही चांगलं करतात. सभेची नोटीस काढलेली नसते, ठराव लिहिलेला नसतो, कारण घरचीच माणसं. वीसेक वर्षांनी बँक सह्या बदलायला शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीची, प्रमाणित प्रत मागते. त्यात पाच नावं, त्यातले चौघे वारलेले आणि पाचवे अंथरुणावर. ठेव मोडता येत नाही, नूतनीकरणावर सही कोणाची ते ठरत नाही, मुलांना द्यायचे पैसे अडकतात. मग वीस वर्षांतला प्रत्येक बदल क्रमाने, मृत्यूचे दाखले जोडून, उशीर माफ करण्याच्या अर्जासह दाखल करायचा. मधल्या एखाद्या चुलतभावाने हरकत घेतली की प्रकरण वादात जातं आणि वर्षं जातात. कोणीच शिल्लक नसेल तर आयुक्तांकडून नवे विश्वस्त नेमून घ्यावे लागतात, आणि ते तुमच्या घरचेच असतील असं नाही. यावर उपाय एवढाच: दोनशे पानी मिनिट बुक, वर्षातून दोन सभा, प्रत्येक सभेची नोटीस आणि हजेरीच्या सह्या. दोघे सख्खे भाऊ एकाच घरात जेवत असाल तरी.

विश्वस्तांना पगार, भाऊजींच्या कार्यालयाचं भाडं, वहिनींना मानधन, पुतण्याकडून कॉम्प्युटर खरेदी, यातलं काहीही नको. कायद्यात काही वाटा वाजवी दराने, परवानगीने उघड्या आहेत. तुमच्या आकाराच्या ट्रस्टने त्या वापरू नयेत.

किती दिवस, तर डीडचा मसुदा नीट व्हायला महिना, धर्मादाय नोंदणीला काही महिने, आयकराच्या तात्पुरत्या नोंदणीला त्यानंतर थोडे आठवडे. वर्षभराचा अंदाज धरून चाला. आठ दिवसांत ‘ट्रस्ट प्लस ८०जी’ची पॅकेजं विकणारे तुम्हाला दुसऱ्याच कुणाच्या डीडची नक्कल देतात. त्यात गोशाळेपासून क्रीडा अकादमीपर्यंत चाळीस उद्दिष्टं असतात आणि तुमची मेसची बिलं नसतात. उद्दिष्टं तीन-चारच लिहा, पण मोघम नकोत, आणि शेवटी ‘शिक्षणाशी संबंधित अन्य कार्य’ एवढी फट ठेवा.

डीडवर सही एप्रिल-मेमध्ये करा. वडिलांची तिथी किंवा जयंती फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असेल तर त्या दिवशी मुलांना मदत वाटा, गावजेवण घाला, पण ट्रस्ट स्थापन करू नका. हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि १५ मार्चला जन्मलेल्या ट्रस्टला अकरा हजार रुपये आणि सतरा दिवसांच्या वर्षाचाही ताळेबंद, ऑडिट आणि सगळी विवरणं भरावी लागतात.